शर्यतीसाठी क्लच कधी बदलावा

आपल्या दाराशी १.३ लिटर डिझेल इंजिनाची जुनी स्विफ्ट उभी असेल, ती कागदोपत्री अजून वडिलांच्या नावावर असेल, आणि तरीही ४०२ मीटरची शर्यत मारण्याची इच्छा आपल्याला स्वस्थ बसू देत नसेल, तर प्रथम आपले अभिनंदन. पाव मैलाच्या या शर्यतीत पहिले दोन-तीन क्षण फार मोलाचे असतात, आणि ते ज्याच्या हाती असतात तो भाग आपल्या डाव्या पायाच्या हुकमतीत असतो. त्यामुळे क्लच केव्हा बदलावा हा प्रश्न आपल्याला पडणे साहजिकच आहे. त्याचे उत्तर सोपे आहे : मित्राने बदलला, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

काही जुन्या वळणाचे मिस्त्री याबाबत भलतेच सांगतात. त्यांच्या मते गाडी साताऱ्याजवळच्या यवतेश्वराच्या घाटात न्यावी, वेग कमी असतानाच चौथा गिअर टाकावा आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा उसळी मारून वर गेला आणि वेगाचा काटा मात्र जागच्या जागी राहिला, तर क्लच प्लेट, म्हणजे घर्षणाने इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे पोचवणारी चकती, घसरते आहे असे समजावे. दोन्ही काटे हातात हात घालून चढू लागले, तर घरी परत यावे. एवढ्यावर हे गृहस्थ थांबत नाहीत. प्लेट घसरत असली तरी ते आधी पेडलला मोकळी चाल आहे की नाही हे पाहतात, आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, मागच्या सीलमधून झिरपलेले ऑइल प्लेटवर गेले असेल तर नवी प्लेटही तशीच घसरेल असे बजावतात. अशा माणसाकडे चुकूनही जाऊ नये. तो 'क्लच ठणठणीत आहे' असे सांगून, चहा पाजून आपल्याला परत पाठवील, आणि संध्याकाळी कट्ट्यावर दाखवायला आपल्यापाशी काहीही उरणार नाही.

गणिताच्याही नादी लागू नये. क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचा दाब, घर्षणाचे प्रमाण, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजू दोन, यांचा गुणाकार केला की क्लच किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पेलू शकतो ते कळते. या इंजिनाचा टॉर्क १९० न्यूटन-मीटर आहे, आणि कंपनीचा क्लच त्याहून थोडे अधिक पेलेल असाच बनवलेला असतो. रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलून, तो टॉर्क समजा २५० वर नेला, तर ती शिल्लक संपते आणि क्लचचा विचार करण्याला खरोखरच अर्थ येतो. परंतु इंजिन होते तसेच असताना क्लच बदलण्यात जी निःस्वार्थ भावना आहे, ती या हिशोबी माणसांना कशी समजणार?

टायरांचा विषय तर काढूच नये. साध्या टायरांवर इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर असताना क्लच सोडला की बहुधा पुढची चाकेच जागेवर फिरतात, धूर निघतो, आणि क्लचच्या वाट्याला फारसा भार येतच नाही. चिकट टायर घातल्यावर चाके जमीन धरतात आणि सारा झटका क्लचवर येतो. तेव्हा आधी टायर आणि मग क्लच हा क्रम बरोबर ठरतो. तो बरोबर आहे, एवढ्याच कारणासाठी टाळावा. बैलगाडीच्या शर्यतीत मुरलेली माणसे आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत, आणि दमदार बैल दावणीला आल्याशिवाय त्यांतला कोणी नवे जू घडवून घेत नाही. पण तो छंद जुनाट, त्याचे आपल्याला काय!

आता निवडीविषयी. क्लच घ्यायचा तर सिरॅमिक बटणांचाच, म्हणजे प्लेटवर नेहमीच्या अस्तराऐवजी सिरॅमिकचे तुकडे बसवलेलाच, घ्यावा. तो उष्णता उत्तम सोसतो आणि पकडतो तेव्हा एकदम पकडतो; अर्धवट पकडणे त्याच्या स्वभावात नाही. याचा खरा आनंद पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे चढताना मिळतो. पुढे एसटी, मागे रिक्षा, मध्ये आपण, आणि प्रत्येक वेळी गाडी एकतर बंद पडते किंवा बेडकासारखी उडी घेते. कडक प्रेशर प्लेटमुळे डाव्या पायाला घरबसल्या तालीम होते, ती वेगळीच. मागच्या सीटवर आई असेल आणि तिच्या मांडीवर पेढ्यांचा बॉक्स असेल, तर तिला शर्यतीची गोडी आपोआप लागते. नवा क्लच बसवल्यावर पाचशे ते आठशे किलोमीटर गाडी शांतपणे चालवून प्लेट बसू द्यावी, अशी सूचना सोबत येते. ती वाचण्याआधीच गाडी महामार्गावर काढावी.

महामार्गच का, असे कोणी विचारील. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती झाल्या आहेत, पण तिथे हेल्मेट घाला आणि गाडीची तपासणी करून घ्या असला जाच असतो. सार्वजनिक रस्त्यावर सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत लावली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे पहिल्याच खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्हींची सोय आहे. क्लचच्या खर्चापुढे हा दंड किरकोळच म्हणायचा.

बाकी एक कौतुक सांगायचे राहिले. कंपनीचा साधा क्लच मोठा भिडस्त प्राणी असतो. झटका बसला की तो स्वतः घसरतो, जळतो, घाण वास सोडतो, आणि मागच्या सगळ्यांना वाचवतो. त्याच्या जागी न घसरणारा आणला की तोच झटका थेट गिअरबॉक्समध्ये शिरतो, तिथून दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरन्शिअलमध्ये, आणि शेवटी अॅक्सलच्या जोडापाशी जाऊन 'टक्' असा आवाज करतो. म्हणजे एक वस्तू बदलायला निघालेल्या माणसाला चार वस्तू बदलण्याची संधी मिळते.

त्या चारही बदलून झाल्यावर गाडी विकायला काढावी, आणि जाहिरात वडिलांच्याच नावाने द्यावी : "एकहाती, घरगुती वापर, कधीही जोरात चालवलेली नाही, क्लच नवीन."