पडताळणी कसली? माणूस ओळखीतला आहे!

संस्थाचालक महोदय, शाळेत शिपाई, बसवर मदतनीस किंवा वसतिगृहावर रात्रीचा पहारेकरी नेमताय? मग त्याची चौकशी करू नका. चौकशी म्हणजे अविश्वास, आणि तो होणाऱ्या जावयासाठी राखून ठेवायचा असतो. मुलीला स्थळ आलं की तुम्ही मुलाच्या सोसायटीच्या वॉचमनला गाठून "पितो का हो?" विचारता. भाडेकरू आला की पोलीस ठाण्यात त्याची माहिती देता. पण चार वर्षांच्या मुलीला स्वच्छतागृहात नेणाऱ्या माणसासाठी "आपल्या भाऊंनी पाठवलाय" एवढं पुरतं.

कोणी आगाऊ पालक म्हणेल, मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखालच्या २०२० च्या नियमांतला तिसरा नियम सांगतो की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी करायची, तीही ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा. त्यांना चहा पाजा. "प्रक्रिया सुरू आहे" हे वाक्य अशाच वेळेसाठी असतं.

त्याहून सोयीचा म्हणजे कंत्राटदार. माणूस त्याचा, जबाबदारी त्याची. तुमच्या फायलीत आधार कार्डाची झेरॉक्स लावा, तीही चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग दिसेल अशी. माणूस बदलला तरी कागद चालतो.

आणि पडताळणी करायचीच वेळ आली, तर एकदाच करा. दाखला मिळाला की लॅमिनेट करून ठेवा. तो सांगतो एवढंच, की पोलिसांच्या नोंदीत या माणसाविरुद्ध काही सापडलं नाही. आधीच्या शाळेनं त्याला का काढलं, हे त्यात नसतं. तिथे फोन मात्र लावू नका. त्यांनीही बोभाटा नको म्हणून गुपचूप राजीनामा घेतला असेल, उगाच त्यांना अवघडल्यासारखं होईल.

घरीही हाच मंत्र. अंथरुणाला खिळलेल्या आजींसाठी ब्युरोतून मावशी आल्या की दर, सुट्ट्या आणि "पोळ्या कराल का?" एवढं विचारून ऑफिसला निघा. आजींना बोलता येत नाही, म्हणजे तक्रारही येणार नाही.

बदलापूरची आठवण कोणी काढेलच. ऑगस्ट २०२४, शाळेत चिमुकल्या मुलींवर लैंगिक अत्याचार, आरोपी शाळेतलाच सफाई कामगार; गुन्हा नोंदवायलाच उशीर, मग संतापलेल्या लोकांनी लोकल रोखली, आणि लगेच शासन निर्णय निघाला : सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पडताळणी. म्हणजे २०२० पासून नियमात असलेली गोष्ट पुन्हा एकदा सांगून झाली. घाबरू नका. असे निर्णय निघाले की वरून तक्ता येतो. 'पडताळणी झालेले' या रकान्यात 'सर्व' लिहा आणि 'प्रलंबित' मध्ये 'निरंक'.

तक्रारपेटी तेवढी लावून टाका, दर्शनी भागात, फोटोत नीट येईल अशी. उंची मोठ्यांच्या हाताला येईल इतकी. किल्ली शिपायाकडेच असू द्या; मुख्याध्यापकांना कुठे वेळ असतो?