चौथ्या महिन्यात नसबंदी: त्या संदेशातला सर्वांत घातक सल्ला

मोठ्या जातीच्या पिल्लांविषयीचा एक लांबलचक संदेश सध्या नागपुरातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. मनीषनगरला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने तो वाचून आपल्या साडेतीन महिन्यांच्या जर्मन शेफर्डच्या नसबंदीची तारीखही घेऊन टाकली, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे असे: चावणारे पिल्लू पुढे हिंस्र होते, त्याला वर्तमानपत्राच्या गुंडाळीने मारावे आणि घरात लघवी केल्यास त्याचे नाक तिच्यात घासावे, चौथ्या महिन्यात नसबंदी केली की ते कायमचे शांत होते, मादीला मात्र आधी एकदा पिल्ले होऊ द्यावीत, आणि वर्षभर कुत्र्याला घराबाहेर काढू नये.

यांतला सर्वांत घातक मुद्दा नसबंदीचा, कारण मारण्याची सवय उद्यापासून सोडता येते, पण ही शस्त्रक्रिया मागे घेता येत नाही. हाडांच्या टोकांशी असलेल्या, वाढ घडवणाऱ्या पट्ट्या वेळेवर बंद होण्याचा इशारा लैंगिक संप्रेरकांकडून मिळतो. ती संप्रेरके चौथ्या महिन्यातच काढून घेतली, तर हाडे ठरल्यापेक्षा जास्त काळ वाढत राहतात, पायांची ठेवण बदलते आणि त्याचा भार खुब्यावर व गुडघ्याच्या लिगामेंटवर येतो. हे केवळ तर्काने मांडलेले नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील बेंजामिन हार्ट, लिनेट हार्ट आणि सहकाऱ्यांनी १,१७० जर्मन शेफर्ड कुत्र्यांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नसबंदी न केलेल्या नरांपैकी ७ टक्क्यांना सांध्यांचा एखादा तरी विकार आढळला, तर वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांमध्ये हे प्रमाण २१ टक्के होते. माद्यांमध्ये हेच आकडे ५ आणि १६ टक्के होते. शिवाय वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या माद्यांपैकी ७ टक्क्यांना लघवीवर ताबा न राहण्याचा त्रास झाला. त्याच गटाने २०२० मध्ये ३५ जातींचा अभ्यास मांडला आणि जर्मन शेफर्डसाठी, नर असो वा मादी, दोन वर्षांपर्यंत थांबण्याचे सुचवले. संदेश लिहिणाऱ्याने यातली एक ओळ तरी वाचली असती, तर ‘जितक्या लवकर तितके चांगले’ हे वाक्य त्याच्या हातून उतरले नसते.

संदेशात अर्धे सत्य आहे, तेही सांगून टाकतो. वयात आलेल्या नराची नसबंदी केल्यावर मादीच्या वासाने पळून जाणे, अंगावर चढणे आणि घरात जागोजागी लघवीच्या खुणा करणे पुष्कळदा कमी होते. बहुतेक लहान जातींत लवकर नसबंदीने सांध्यांचा धोका वाढलेला दिसत नाही, आणि ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जातीतही या अभ्यासात तो वाढलेला आढळला नाही. म्हणूनच ‘मोठी जात’ एवढ्या दोन शब्दांवर वय ठरवणे चुकीचे आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न संख्या आटोक्यात ठेवण्याचा आहे आणि तेथील निकष घरच्या कुत्र्याला लागू होत नाहीत. मात्र भीतीपोटी गुरगुरणारे किंवा दात शिवशिवतात म्हणून चावणारे पिल्लू नसबंदीने शांत होईल, असे मानायला काहीही आधार नाही.

चावण्याचे कारण तर डोळ्यांसमोर असते. पिल्लाचे दुधाचे २८ दात चौथ्या महिन्याच्या आसपास पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ पक्के दात येतात. बहिणीकडे भाच्याच्या शर्टाच्या बाह्यांचे काठ पार कुरतडलेले आहेत, आणि परवा कूलरसमोरच्या चटईवर तांदळाच्या कणीएवढा एक दात सापडला. त्यात मे महिन्यातले ४५ अंशांचे ऊन. दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडलेले पिल्लू सायंकाळी सोफ्याभोवती सुसाट पळते, मुले किंचाळत धावतात, आणि धावणारा पाय पकडणे हा त्याला खेळ वाटतो. अशा वेळी हात-पाय स्थिर ठेवावेत, खेळ तत्काळ थांबवावा, गरज पडल्यास खोलीबाहेर निघून जावे आणि दुसरे काही चघळायला द्यावे. गाठ मारलेले ओले फडके फ्रीजरमध्ये ठेवून दिले तर हिरड्यांनाही आराम पडतो. घरातल्या प्रत्येकाने हेच करायला हवे. आजोबांनी हात चावू दिला आणि आईने रागावले, तर पिल्लाला काहीच कळत नाही.

वर्तमानपत्राच्या गुंडाळीने पिल्लू हाताला घाबरायला शिकते, आणि घाबरलेले कुत्रेच पुढे खरोखर चावते. लघवीत नाक घासल्याने तर ते एवढेच शिकते की माणसांसमोर लघवी करणे धोक्याचे आहे. मग ते पलंगामागे जाऊन करते. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर लगेच खाली न्यावे, तेथे लघवी केली की त्याच क्षणी शाबासकी द्यावी.

मादीला एकदा पिल्ले व्हायलाच हवीत, याला वैद्यकीय आधार नाही. नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका मात्र खरा आहे; स्वीडनमधील विम्याच्या नोंदींत दहा वर्षांच्या वयापर्यंत सुमारे एक चतुर्थांश माद्यांना तो झालेला दिसतो. म्हणून तिची शस्त्रक्रिया पुढे ढकलायची, रद्द करायची नाही, आणि तोवर वर्षातून साधारण दोनदा येणाऱ्या माजाच्या सुमारे तीन आठवड्यांत तिच्यावर कडक लक्ष ठेवायचे. ते घरच्यांना जमणारे नसेल, तर तसे पशुवैद्यांना स्पष्ट सांगून वय ठरवावे.

बाहेर न काढण्याच्या सल्ल्यामागे पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या एका विषाणूजन्य आजाराची भीती आहे आणि ती रास्त आहे. लसी पूर्ण होईपर्यंत मोकाट कुत्र्यांच्या वावराच्या जागी पिल्लाला जमिनीवर सोडू नये. परंतु माणसे, वाहने आणि आवाज यांची सवय साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात सहज लागते, त्यानंतर अवघड होत जाते. पिल्लाला कडेवर घेऊन फुटाळा तलावाच्या काठी पहाटे उभे राहायला कोणतीच लस आड येत नाही. बहिणीला मी तारीख रद्द करायला सांगितले आहे, आणि सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या रुग्णालयात पिल्लाचे खुबे दाखवून पुढचे वय तेथे विचारायला सांगितले आहे.