पिल्लू चावलं म्हणून त्याला उताणं पाडू नका

व्हॉट्सॲपवर एक सल्ला सतत फिरतो: खेळताना कुत्र्याचं पिल्लू चावलं की नाकावर चापट द्या, उताणं पाडून दाबून धरा, नाहीतर ते स्वतःला घराचा म्होरक्या समजेल, आठवड्यात सुधारेल.

म्होरक्याची ही कल्पना प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ सालच्या, कोंडलेल्या लांडग्यांच्या अभ्यासातली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७०च्या पुस्तकाने ती पसरली आणि १९९९ मध्ये त्यांनीच ती दुरुस्त केली: रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. दोन महिन्यांच्या जिवाला सत्ता नको असते. भावंडांशी ते दातांनीच खेळत आलेलं असतं.

‘आईही असंच पाडते’ म्हणे. आई गुरगुरते, उठून निघून जाते. उताणं होतं ते पिल्लू, स्वतःहून. जबरदस्तीने दाबलेलं पिल्लू फक्त घाबरतं. चापटीने तर दोनच गोष्टी होतात: ते हाताला बिचकू लागतं, किंवा तोच खेळ समजून अधिक जोरात चावतं. गुरगुरण्यावर मार मिळाला तर पुढे इशारा न देता चावण्याचा धोका वाढतो.

मग करायचं काय? दात लागला की हात झटकू नका. हलणाऱ्या वस्तूमागे पिल्लू धावणारच. हात सैल, स्थिर ठेवा. सुटताच उठा आणि वीस-तीस सेकंद बोलणं, बघणं, खेळणं सगळं बंद. पायाला झोंबत असेल तर तेवढा वेळ दाराआड जा. परत आल्यावर लांब दोरीचं खेळणं पुढे करा, म्हणजे दात आणि बोटं यांत अंतर राहतं. सुरुवातीचे काही दिवस चावणं वाढूही शकतं. तिथेच बहुतेक लोक कंटाळून सोडतात. घरात एकानेही हाताशी मस्ती चालू ठेवली तर सगळ्यांची मेहनत वाया जाते.

संध्याकाळी पिसाटल्यासारखं चावणारं पिल्लू बऱ्याचदा दमलेलं असतं. त्याला दिवसाला १८ ते २० तास झोप लागते. शांत कोपऱ्यात झोपवा.

‘आठवड्यात सुधारेल’ हेही खोटं. २८ दुधाचे दात पडून पक्के यायला सहा-सात महिन्यांचं वय उजाडतं. त्या काळात ओलं सुती फडकं पिळून, गाठ मारून, गोठवून चघळायला द्या, पण नजरेसमोर. गिळलेली चिंधी आतड्यात अडकू शकते. जुनी चप्पल देऊ नका, नवी-जुनी त्याला कळत नाही.

कातडी फुटली तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ‘लहानच तर आहे’ म्हणून थांबू नका: रेबीजची पहिली लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर मिळते.