बार्शी लाईटचं मॉडेल करताय? मग आधी फोटोचं साल विचारा

लातूरात राहून बार्शी लाईटचं, म्हणजे आपल्या जुन्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) रेल्वेचं मॉडेल करायचं म्हणलं की लोकं म्हणतात तुला माहितीची काय कमी, घरोघरी त्या गाडीत बसलेली माणसं आहेत. आहेत की, आणि पोती कुठं चढवायचे, टपावर कोण बसायचं, कोणत्या स्टेशनला किती वेळ खोळंबा व्हायचा हे त्यांच्याइतकं कुणीच सांगू शकत नाही. पण डब्याचा रंग विचारला की चुलते म्हणतात लाल, मामा म्हणतात चॉकलेटी, आणि दोघं पण खरं बोलतेत, कारण 1897 ला कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झालेली ही लाईन लातूरला आली 1911 ला, 1954 ला सरकारनं घेतली आणि ब्रॉडगेज (रुंद रूळ) झालं ते थेट 2007-08 ला. एवढ्या काळात रंग किती वेळा बदलला असंल तुम्हीच बघा. म्हणून आधी साल ठरवा, मग रंगाचा डबा उघडा.

माझं मत एकदम कडक आहे, ज्या फोटोचं साल अन् ठिकाण सांगता येत नाही तो रेफरन्स नाही, भिंतीवर लावा हवं तर. नेटवर 'बार्शी लाईट' म्हणून जे फिरतंय त्यात माथेरान पण घुसवलेलं असतंय, तिचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) 610 मिमी, आपला 762. त्याहून मोठा घोळ इंग्लंडच्या लीक अँड मॅनिफोल्ड लाईनचा, तिचा गेज पण 762, इंजिनिअर पण तोच आपला एव्हरार्ड कॅलथ्रॉप, इंजिन पण लीड्सच्या किटसन कंपनीचं, मग फसणार नाही तर काय. पण चाकं मोजा ना! आपलं सुरुवातीचं इंजिन 0-8-4 (पुढची, मधली जोडलेली अन् मागची चाकं, दोन्ही बाजूंची मिळून), म्हणजे एका बाजूला दांड्यानं जोडलेली चार चाकं दिसली पाहिजेत, त्यांचं 2-6-4, तिथं तीनच. दोन मिनिटांचं काम आहे पण कुणाला करायचं नाही, शेअर मात्र पटकन करतेत.

आणि ते एआयनं रंगवलेले फोटो, त्यांच्यावर तर माझा लई राग आहे. अरे त्या काळच्या बऱ्याच काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नव्हता, लाल डबा जवळजवळ काळा यायचा आणि निळा फिक्कट, आता त्या करड्या छटेवरून तुमचं ॲप काय डोंबल रंग ओळखणार.

माप मात्र जुन्या फोटोतून भारी निघतंय. कॅलथ्रॉपनं मालडब्यांना एकाच मापाची सांगाडी ठेवली होती, 25 फूट लांब, 7 फूट रुंद, दाबून घडवलेल्या पोलादाची, आणि एका ॲक्सलवर 5 टनाच्या वर वजन नाही. म्हणजे आडव्या बाजूनं सरळ काढलेला मालडब्याचा फोटो असंल तर 25 फुटाची पट्टी तुम्हाला फुकटात मिळाली, दाराची उंची, चाकाचा व्यास, सगळं त्रैराशिकानं काढा. 1:87 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाच्या मॉडेलात, ती लांबी साधारण साडेसत्त्याऐंशी मिमी येते, आणि गेज 8.76 मिमी, म्हणजे बाजारात मिळणारा एन गेजचा (छोट्या मॉडेल रेल्वेचा) 9 मिमी ट्रॅक चालून जातो, रूळ घरी बनवायची झंझट नाही.

कारखान्याच्या ड्रॉईंगवर पण डोळे झाकून जाऊ नका, ते इंजिन बाहेर पडतानाचं. पुढं कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये त्याचं काय काय झालं ते ड्रॉईंगला काय माहीत.

लेआउट करणाऱ्यांनी आजचा गुगल मॅप बघून रूळ टाकू नयेत. ब्रॉडगेज धाराशिव शहरावरून नेलंय, जुनी नॅरोगेज तिथं जात नव्हती, येडशीवरून जायची, त्यामुळं धाराशिव स्टेशनात बार्शी लाईटचं इंजिन उभं केलेलं मॉडेल कितीही सुबक असलं तरी चूकच. जुना सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा बघा, त्यावर छापल्याचं साल पण असतंय.

तर कुणाच्या घरी लग्नाच्या वऱ्हाडाचा, पंढरीच्या वारीला निघतानाचा, गाडीजवळ उभं राहून काढलेला फोटो असंल तर पाठवा, पण नुसता पुढून मोबाईलनं काढून नको, मागची बाजू पण स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का, पेनानं लिहिलेली तारीख तिथंच असती. आणि कडा कापू नका बरं का, माणसं मधी असतेत, बोगी कडेला असती.