जुनं तेवढं भूकंपात टिकतं, हा समज

कुठेही मोठा भूकंप झाला की एक मजकूर फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: पूर्वजांच्या वास्तू हजारो वर्षं भूकंप पचवून उभ्या आहेत, सिमेंटच्या इमारती मात्र पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळतात, भूकंपरोधक बांधकाम तेव्हा लोकांना येत होतं, आधुनिक इंजिनिअरांनी ते ज्ञान घालवलं. सोबत जपानमधल्या होर्यूजी पॅगोड्याचा आणि पेरूतल्या कुस्कोच्या इंका भिंतींचा फोटो. दोन्ही वास्तू थोर आहेतच. पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो माणसांच्या जिवावर बेततो.

‘हजारो वर्षं उभ्या’ यापासून सुरुवात करू. जे पडलं त्याचा फोटो कुणी पाठवत नाही. ऱ्होड्सचा प्रचंड पुतळा भूकंपानेच पाडला. इस्तंबूलच्या हागिया सोफियाचा मूळ घुमट ५५८ साली कोसळला. नंतर बांधलेल्या घुमटाचेही भाग ९८९ आणि १३४६ मध्ये पडले. काठमांडूचा धरहरा १९३४ मध्ये पडला, पुन्हा बांधला, २०१५ मध्ये पुन्हा पडला. इराणमधला बामचा मातीचा किल्ला शतकानुशतकं उभा होता. २६ डिसेंबर २००३ च्या पहाटे तो ढासळला, आणि शहरातली कच्च्या विटांची घरं अंगावर पडून पंचवीस हजारांहून जास्त माणसं गेली.

‘ज्ञान घालवलं’ हा आरोप तर इतिहासाच्या थेट उलट आहे. १७५५ च्या भूकंपानंतर लिस्बन उभारताना भिंतींच्या आत तिरप्या दांड्यांचा लाकडी सांगाडा घालायची पद्धत आली. जपानमध्ये १८९१ च्या नोबी भूकंपात नव्या विटांच्या इमारती पडल्या, तशी जुन्या धाटणीची लाकडी घरंही प्रचंड संख्येने पडली. पुढच्याच वर्षी तिथे भूकंपांचा अभ्यास करणारी सरकारी समिती नेमली गेली. खरी उडी मेसिनाच्या १९०८ च्या भूकंपानंतर पडली. इटलीतल्या इंजिनिअरांच्या समितीने एक साधा, पण तोवर कुणी न बांधलेला हिशोब मांडला: भूकंप इमारतीला आडवा ढकलतो, म्हणून तळमजला त्यावरच्या वजनाच्या १/१२ इतकं आडवं बळ सोसेल असा बांधा, वरचे मजले १/८. जपानमध्ये इंजिनिअर सानो तोशिकाता यांनी हीच दिशा पुढे नेली आणि १९२३ च्या कांतो भूकंपानंतर, १९२४ मध्ये, वजनाच्या एक दशांश आडवं बळ धरणं तिथल्या नियमात आलं. पिढ्यान्‌पिढ्या गवंड्यांच्या हातात असलेलं शहाणपण आता कागदावर तपासता येऊ लागलं, आणि जे बांधायचंय ते पडेल का, हे आधी विचारता येऊ लागलं.

मेक्सिको सिटीचं उदाहरण ‘सिमेंट वाईट’ म्हणणारे हमखास देतात. १९८५ च्या भूकंपात तिथे बुटक्या जुन्या इमारती बऱ्याच वाचल्या, सहा ते पंधरा मजली नव्या पडल्या. कारण शहराचा तो भाग जुन्या तळ्याच्या गाळावर आहे. तिथली जमीन सुमारे दोन सेकंदांच्या लयीत हलत राहिली आणि मधल्या उंचीच्या इमारतींची लय त्या हेलकाव्यांशी जुळत गेली, म्हणून त्यांचं हलणं वाढत गेलं. त्याच शहरातला १९५६ चा, चाळीसहून जास्त मजल्यांचा तोर्रे लातिनोअमेरिकाना हा मनोरा शाबूत राहिला.

काँक्रीट कुठे दगा देतं हे पाहायचं असेल तर १९७१ च्या भूकंपातलं कॅलिफोर्नियातलं ऑलिव्ह व्ह्यू हॉस्पिटल पाहा. इमारत अगदी नवी. ज्या कॉलमांत उभ्या सळयांभोवतीच्या सुट्या रिंगा लांब लांब अंतरावर होत्या, ते फुटून भुगा झाले. ज्यांत सळई जवळजवळच्या सलग वेटोळ्यांनी बांधली होती, त्यांचं बाहेरचं काँक्रीट गळून पडलं तरी आतला गाभा वजन धरून राहिला. सिमेंट तेच, भूकंप तोच. म्हणून आज रिंगा जवळ घ्यायला सांगतात आणि रिंगेची टोकं १३५ अंशांत गाभ्याच्या आत वळवायला सांगतात. ९० अंशांचा हुक बाहेरचं काँक्रीट निघालं की उघडतो. साइटवर हा वाकवण्याचा कंटाळा केला जातो, आणि माणसं मरतात ती तिथे.

म्हणजे त्या मजकुरातला राग खोटा नाही, रोख चुकला आहे. जानेवारी २०१० मध्ये हैतीत ७.० चा भूकंप झाला, एक लाखाहून जास्त माणसं गेली. पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८ चा झाला, ऊर्जा सुमारे पाचशे पट. त्सुनामी धरूनही मृत्यू सुमारे सव्वापाचशे. इमारती दोन्हीकडे काँक्रीटच्याच होत्या. हैतीत नियम पाळून घेणारं कुणी नव्हतं. चिलीत इमारतीच्या सांगाड्यात दोष निघाला, तर ती पहिल्यांदा विकणारा मालक दहा वर्षांपर्यंत कायद्याने जबाबदार असतो.