ओटीपी सांगितला नाही म्हणजे झालं?

आमच्या वाडीच्या ग्रुपवर गणपतीत एक मजकूर आला आणि आता खाली मालवणातल्या पाहुण्यांकडूनही तोच येतोय: ‘आधारची झेरॉक्स दिल्याने काही होत नाही. ओटीपी सांगू नका, पैसे सुरक्षित. मनात पाप नाही त्याने लपवायचं काय? तशीही आपली माहिती सगळीकडे गेलेलीच आहे.’

ओटीपीचं आधी बोलतो, कारण माणसं तिथेच फसतात. गावात आधारवर पैसे काढून देणारं जे छोटं मशीन असतं, त्याला ओटीपी लागतच नाही. आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट, बस्स. दुसऱ्याचं बोट कुठून आणणार? खरेदीखतावरून! 2023 मध्ये कर्नाटकात जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे आधार नंबर आणि ठसे वापरून खात्यांतून पैसे काढल्याच्या तक्रारी पोलिसांत गेल्या. आपल्याकडे तर सामायिक सातबारा. चार गुंठ्यांना वीस जणांच्या सह्या आणि अंगठे. मे महिन्यात वारसनोंदीसाठी माझ्या काकूचं आधार, पुढून-मागून, याच ग्रुपवर पडलं. काढायला लावलं, पण तोवर ते किती जणांच्या गॅलरीत उतरलं होतं, देव जाणे. ग्रुपात जमिनीचे दोन एजंटही आहेत.

पापाचं म्हणाल, तर मुंबईकराचं गावचं घर दहा महिने कुलूपबंद असतं, यात कसलं पाप? तरी ते चोराला कळू नये असंच वाटतं ना? 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो काही पापी माणसांपुरता नाही.

माहिती गेली आहे, हे खरं. 2021 मध्ये एअर इंडियाच्याच सुमारे 45 लाख प्रवाशांची गेली. पण पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही, म्हणून राहिलंय ते तरी जपायला हवं. लॉजवर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा.

आणि आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करा. काकूचं मी पडवीत बसून केलं. रेशनला अंगठा लावण्याआधी ते तेवढ्यापुरतं उघडावं लागतं. पहिल्या दोन खेपांना मी सोबत गेलो, या महिन्यात तिने एकटीने उघडलं.