सगळ्यात जास्त खपणारा माल

मार्च एंडच्या पसाऱ्यात मी सहज विचारून बसले, "आपल्याकडं सगळ्यात जास्त काय खपतं हो?" ह्यांनी फायलीतून मान वर न काढता सांगितलं, "भडंग." अण्णा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "चकली." काउंटरवरचे मामा म्हणाले, "गिऱ्हाईक मागंल ते." सांगलीत आमचं फरसाणाचं दुकान आहे, एक्कावन्न वर्षं झाली, आणि एवढ्या प्रश्नाला घरात तीन उत्तरं.

पुण्यात शिकणाऱ्या लेकीला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, बिलिंगच्या कॉम्प्युटरमध्ये दोन वर्षांचा डेटा नुसता पडून आहे. पायथन शीक, ती कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा आहे. आणि पांडाज शीक, ते त्यातलं आकड्यांचे तक्ते हाताळायचं साधन. सगळं ओपन सोर्स आहे, एक पैसा लागत नाही."

"फुकट?" अण्णा म्हणाले. "मग माल शिळा असणार."

मी समजावलं, "तसं नाही अण्णा. हे लोक चकली तर देतातच, वर भाजणीचं प्रमाणही लिहून देतात. कुणीही करा, हवं तर बदला, विका." घराला आग लावायचा बेत ऐकल्यासारखं अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. आमच्या भडंगाच्या मसाल्याचं प्रमाण त्यांनी तेवीस वर्षांत मला सांगितलेलं नाही. मसाला कुटायच्या दिवशी मला अजून बँकेत पाठवतात.

तर मी बी.कॉम., वय सत्तेचाळीस, दुपारी दुकान बंद असताना शिकायला लागले. पायथनचा सापाशी संबंध नाही, ती भाषा बनवणाऱ्या गुइदो व्हॅन रॉसमनं एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून हे नाव ठेवलं, हे पहिल्याच दिवशी कळलं. पांडाजचाही अस्वलाशी संबंध नाही, ते 'पॅनेल डेटा'वरून आलं. वेस मॅकिनी नावाच्या गृहस्थानं २००८ साली एका गुंतवणूक कंपनीत आकडेमोड करता करता ते लिहायला घेतलं. धंद्यातलाच माणूस म्हणून मला जरा धीर आला.

पण शिकवणारे धंद्याचं बोलायलाच तयार नव्हते. आधी सरावाला आयरिसची १५० फुलं. त्यांच्या पाकळ्या कुणी तरी सेंटीमीटरमध्ये मोजून ठेवल्या आहेत आणि १९३६ पासून लोक त्यांचाच हिशेब करतायत. मग टायटॅनिकचे ८९१ प्रवासी, कोण बुडालं, कोण वाचलं. आठवडाभर रोज दुपारी माणसं बुडवल्यावर मी लेकीला विचारलं, "भडंग कधी येणार?"

मोजणी शून्यापासून, हे आणखी एक. पहिली ओळ म्हणजे शून्य नंबरची. यावर अण्णा पहिल्यांदा गंभीर झाले. "आम्ही मापं मोजताना पहिल्या मापाला एक नाही म्हणत, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन. आणि तुझे हे लोक सुरुवातच शून्यानं करतात?" त्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळली.

खरी शोभा तारखांनी केली. आमची फाइल १ एप्रिल २०२२ पासूनची, तारीख ०१/०४/२०२२ अशी. पांडाजनं ती अमेरिकन पद्धतीनं वाचली: ४ जानेवारी. पुढं तेरा तारीख आल्यावर ते अडलं, कारण तेरावा महिना कुठून आणायचा? लाल अक्षरांत हातभर एरर आली. मी घाबरून कुठं तरी वाचलेला उपाय केला, 'एरर्स इज इक्वल टू कोअर्स'. म्हणजे जी तारीख समजत नाही ती मुकाट्यानं खोडून टाक. एरर गेली. मी चहा ठेवला.

ग्राफ आला तो ताटासारखा सपाट. जानेवारी ते डिसेंबर सगळे महिने सारखे. फरसाणाच्या दुकानात दिवाळीच नाही! शोधायला बसले तर २०२३ ची वसुबारस ०९/११ ची, ती ११ सप्टेंबरला सापडली. धनत्रयोदशी ११ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ११ डिसेंबरला. पाडवा आणि भाऊबीज चौदा-पंधरा तारखेच्या, त्यांच्या जागी नुसतं 'नॅट' लिहिलेलं, म्हणजे 'नॉट अ टाइम'. महिन्यातली तेरापासूनची प्रत्येक तारीख अशीच गेलेली. दिवाळीत रात्री दोनपर्यंत कढईसमोर उभी होते मी, आणि हे म्हणतंय, ती वेळच नव्हती.

लेक म्हणाली, "अगं, 'डेफर्स्ट इज इक्वल टू ट्रू' एवढंच लिहायचं, म्हणजे दिवस आधी, महिना नंतर. ट्रूचा टी मोठा." एवढंच! त्या एका मोठ्या टीपायी माझे चार दिवस गेले.

तारखा जागेवर आल्या आणि मी गेल्या दोन वर्षांची महिन्याला महिना तुलना केली. ऑक्टोबर २०२३ ची विक्री आदल्या ऑक्टोबरच्या निम्म्यावर! मी रात्री ह्यांना उठवलं. हेही उठून बसले, कर्जाचं बोलायला लागले. सकाळी अण्णांनी दात घासता घासता निकाल लावला. "बावीस साली दिवाळी ऑक्टोबरात होती. तेवीसला मध्ये अधिक श्रावण आला, सगळे सण पुढं सरकले. तुझ्या त्या अस्वलाला कालनिर्णय दे."

मग नावं साफ करणं. 'चकली', 'भाजणी चकली', 'चकली भा.', आणि एक 'चकली'च, पण मागं एक मोकळी जागा सोडलेली. डोळ्यांना दिसत नाही, कॉम्प्युटरला दिसते, आणि तो ती वेगळी चकली धरतो. यादीत ज्याला जे सापडलं नाही त्यानं ते नवीन घालून ठेवलेलं. मी हुशारी केली, ज्या नावात 'शेव' आहे ते सगळं शेवेत टाक म्हटलं. शेवयाही शेवेत गेल्या. चकलीबरोबर आमच्याकडं विकायला असलेला चकलीचा सोऱ्याही किलोत जमा झाला.

मे अखेरीस अखेर ग्राफ काढला. आडव्या पट्ट्या, मोठ्यापासून लहानाकडं. सगळं घर स्क्रीनसमोर. हे भडंगावर, अण्णा चकलीवर, पैजेला एक आइस्क्रीम. सर्वात वरची पट्टी इतकी लांब आली की बाकीच्या तिच्यापुढं काड्या वाटत होत्या. नाव: 'इतर'.

"इतर म्हणजे काय?" अण्णांनी विचारलं. सगळ्यांनी मामांकडं पाहिलं.

"गर्दीत कुठं शोधत बसू वहिनी?" मामा म्हणाले. "इतर दाबायचं, रक्कम टाकायची. संध्याकाळी गल्ला जुळतोय न्हवं?"

गल्ला जुळत होता, एक रुपया इकडंतिकडं नाही. फक्त दोन वर्षं आम्ही निम्मा माल 'इतर' नावाचा विकला होता. फुलं बरी होती. फुलं मोजणाऱ्याला निदान घाई नव्हती.

मी त्याच रात्री यादीतून 'इतर' काढून टाकलं. मामांना समोर बसवून सांगितलं, आता प्रत्येक वस्तूचं नाव दाबायचं. ते 'बरं' म्हणाले.

१ जुलैला जूनचा ग्राफ काढला. पट्टी पुन्हा तेवढीच लांब. नाव: 'अनारसे'.

अनारसे आम्ही फक्त दिवाळीत करतो, नाही तर अधिक महिन्यात, जावयांच्या वाणासाठी. जून महिन्यात दुकानात अनारसा नव्हता. पण यादी अकारविल्हे लागते, आणि 'इतर' गेल्यावर वरून पहिलं नाव तेच.

मी कपाळाला हात लावून बसले. अण्णा मात्र चष्मा चढवून स्क्रीनजवळ आले, ती पट्टी बोटानं या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली आणि आतल्या दाराकडं तोंड करून ओरडले, "अगं, तांदूळ भिजत घाला! तीन दिवस लागतात."